मेंढीचा खुराक निवडताना: पेंड, घास, पाला की युरिया?

नव्याने मेंढ्या घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सरकी पेंड चालू करू का शेंगपेंड?" (पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा; सरकी कपाशीच्या बियांची, शेंगपेंड भुईमुगाची.) मी उलट विचारतो, "मेंढ्या गाभण आहेत, व्यायलेल्या आहेत की भाकड? आणि वैरण काय आहे घरात?" समोरच्याला वाटतं मी टाळतोय. पण या दोन गोष्टी कळल्याशिवाय कुठल्याही पेंडेचं नाव सांगणं म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणं.

रानात फिरणारी मेंढी आपली प्रथिनं स्वतः शोधते. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर कळपामागे दोन दिवस चालून पाहा. मेंढी गवताच्या शेंड्याला तोंड लावते, काडी सोडते, बांधावरच्या शेंगवर्गीय वेलीकडे वळते. मेंढका आकडीने बाभळ झोडपतो तेव्हा शेंगांवर सगळा कळप तुटून पडतो. तीच मेंढी आपण पत्र्याखाली बांधली की तिची ही निवड संपते. गव्हाणीत जे टाकू तेच. म्हणून बंदिस्त मेंढीपालनात खुराकाचा हिशेब मालकाला यायलाच हवा. तो अवघड नाही. वजनकाटा, वही आणि थोडा गुणाकार पुरतो.

पायरी १: पोटात कोण जेवतं ते समजून घ्या

हा भाग वाचायला थोडा जड जाईल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पेंडेच्या पोत्यावर "प्रथिने ४० टक्के" असं छापलेलं असतं. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, मोजतात ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. १८८३ साली योहान केल्डाल या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत काढली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणून सापडलेल्या नत्राला ६.२५ ने गुणायचं आणि त्याला कच्ची प्रथिनं म्हणायचं. हे नत्र दाण्यातून आलं की युरियातून, हे त्या आकड्याला कळत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं. गुणाकार करा, "२८७ टक्के प्रथिनं" येतात! युरियात प्रथिनांचा कणही नाही, तरी कागदावर तो सगळ्या पेंडींना मागे टाकतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून. मेलामाइनमध्ये नत्र भरपूर, म्हणून पाणी घातलेलं दूध तपासणीत चांगलं दिसलं.

माणसाला किंवा कोंबडीला युरियाचा काडीचा उपयोग नाही. मेंढीला होतो, कारण तिच्या कोठीपोटात, म्हणजे चार कप्प्यांतल्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. वैरण आधी ते खातात. नत्र मिळालं की ते वाढतात, आणि वाढलेले सूक्ष्मजीव पुढच्या कप्प्यांत वाहत जाऊन मेंढीच्या पोटात पचतात. मेंढीला मिळणारी बरीचशी प्रथिनं अशी या सूक्ष्मजीवांची असतात.

म्हणजे गव्हाण एकच, पण जेवणारे दोन. पहिले पोटातले सूक्ष्मजीव. त्यांना नत्र कुठलंही चालतं, युरियाचं, घासाचं किंवा शेंगपेंडेचं, फक्त सोबत पचणारा पिष्ट आणि तंतू लागतो. दुसरी मेंढी स्वतः. सूक्ष्मजीवांच्या तावडीतून सुटून पुढे गेलेली प्रथिनं तिची. त्यांना आपण निसटती प्रथिनं म्हणू. पशुखाद्याचे विक्रेते यांनाच बायपास म्हणतात.

ढोबळ हिशेब असा. पोटात पचणाऱ्या दर किलो अन्नद्रव्यामागे सूक्ष्मजीव साधारण १३० ग्रॅम प्रथिनं तयार करतात. ३० किलोच्या भाकड दख्खनी मेंढीने किलोभर कोरडी वैरण खाल्ली आणि त्यातली निम्मी पचली, तर ६५ ग्रॅम तयार होऊ शकतात. तिची रोजची गरजही तेवढीच. मग अडतं कुठे? ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोला ४० ग्रॅम. सूक्ष्मजीवांनाच नत्र कमी पडतं, कडबा पोटात नीट कुजत नाही, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मेंढी कमी खाते. पोट फुगलेलं दिसतं, पाठीचा कणा मात्र हाताला लागायला लागतो. वैरणीत सरासरी ७ टक्के प्रथिनं नसतील तर असंच होतं.

या मेंढीला हव्या असलेल्या २५ ग्रॅमसाठी महागडी पेंड नको. अर्धा-पाऊण किलो ताजा घास किंवा शेवरीचा पाला पुरतो. व्यायलेल्या मेंढीचं मात्र वेगळं. तिला रोज १४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत आणि सूक्ष्मजीव कितीही राबले तरी ९० ग्रॅमच्या पुढे फारसे जात नाहीत. उरलेली निसटत्या प्रथिनांतूनच यायला हवीत. तिथे युरिया कामाचा नाही, शेंगपेंडही अर्धीच कामाची. तिथे सरकी आणि सोयाबीन पेंड लागते.

पायरी २: गरज लिहून काढा

३० किलोच्या मेंढीसाठी मी हे आकडे गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतो:

- भाकड: ६० ते ६५ ग्रॅम (एकूण कोरड्या आहाराच्या ७ ते ८ टक्क्यांपर्यंत)
- गाभण, शेवटचा दीड महिना: १०० ते ११५ ग्रॅम (सुमारे ११ टक्के)
- व्यायलेली, एक कोकरू पिणारी: १३० ते १५० ग्रॅम (१२ ते १३ टक्के)
- दूध तुटलेलं, वाढीचं कोकरू: खुराकात १६ ते १८ टक्के
- विक्रीसाठी तयार करायचा नर: १४ ते १५ टक्के

माडग्याळ मेंढी अंगाने मोठी असते, तिला वजनाच्या प्रमाणात वाढवा. जुळी देणाऱ्या मेंढ्या असतील, जशा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या सुवर्णा, तर व्यायल्यानंतरचा आकडा आणखी वर न्यावा लागतो. जुळ्यांचं दूध हवेतून येत नाही.

गाभणपणाचे १५० दिवस धरले तर पहिले शंभर दिवस मेंढीला विशेष काही लागत नाही. नवखे लोक नेमके तेव्हा लाड करतात आणि शेवटच्या दीड महिन्यात, पोटातलं कोकरू झपाट्याने वाढत असताना, पेंड संपलेली असते. पेंड कमी असेल तर ती या दीड महिन्यासाठी आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा.

पायरी ३: आधी घर, बांध आणि शेत पाहा

हिरव्या वैरणीची तुलना करताना पाणी वजा करायला विसरू नका. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. घासात (आमच्याकडे नुसतं घास म्हटलं की लसूणघास) "२० टक्के प्रथिनं" हे वाळवलेल्या घासाचं मोजमाप आहे. ताज्या घासात ८० टक्के पाणीच असतं. म्हणजे एक किलो ताज्या घासात २०० ग्रॅम कोरडा भाग आणि त्यात ४० ग्रॅम प्रथिनं. शंभर ग्रॅम शेंगपेंडेत साधारण तेवढीच. हा एक हिशेब तोंडपाठ ठेवा: किलोभर घास म्हणजे शंभर ग्रॅम शेंगपेंड.

दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ, शेवगा यांचा ताजा पाला किलोला ४० ते ५५ ग्रॅम देतो. बांधावर शेवरीची एक ओळ असेल तर वीस-पंचवीस भाकड मेंढ्यांची नत्राची उणीव तिच्यावरच भागते. सुबाभळीत मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. जास्त झालं की लोकर मुळापासून सुटते, गळ्यापाशी गाठ येते. एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापुढे सुबाभूळ जाऊ देऊ नका. बाभळीच्या शेंगांत १२-१३ टक्के प्रथिनं असतात, पण टॅनिन हे तुरट द्रव्यही असतं. थोडं टॅनिन प्रथिनांना कोठीपोटातून सुखरूप पुढे नेतं, जास्त झालं तर पचनच बांधून टाकतं. दिवसाला पाव किलो वाळक्या शेंगा मला ठीक वाटतात.

हायब्रीड नेपियर, मका, कडवळ (चाऱ्याची ज्वारी) ही वैरण पोट भरते, ताकद देते, पण प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबू नका. वाळल्या हिशेबात ७ ते ९ टक्के, तेही कोवळ्या वयात. आणखी एक गोष्ट. शेतात युरिया मारला आणि पाठोपाठ पावसाने ताण दिला की अशा पिकात नायट्रेट साठतं. वैरण गर्द हिरवी दिसते, पण त्या हिरवेपणात विष असू शकतं. खत दिल्यावर लगेच कापून उपाशी मेंढ्यांपुढे टाकू नका.

भुसकटाकडे लोक दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. भुईमुगाचा वाळलेला पाला १० ते १२ टक्क्यांचा असतो, म्हणजे कडब्याच्या तिप्पट. तुरीचं भुसकट ८-९ टक्क्यांवर, हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं ५-६ वर. खळ्यावर तुरीचं भुसकट पेटवून देताना पाहिलं की जीव तुटतो. त्या ढिगात पानं असतात आणि प्रथिनं पानांतच असतात. भुईमुगाचा पाला उन्हात करपू देऊ नका, पानं झडतात आणि हाती नुसत्या काड्या राहतात. सावलीत, उलटापालट करत वाळवा आणि भल्या सकाळी, थोडा दमट असताना उचला.

पायरी ४: पेंडी आणि चुनी ओळखा

*शेंगपेंड.* ४० ते ४५ टक्के प्रथिनं, मेंढीला सगळ्यात आवडती. कोठीपोटात लवकर विरघळते, म्हणून कडब्यावरच्या सूक्ष्मजीवांना उत्तम खाद्य. धोका बुरशीचा. ओलीत राहिलेल्या पेंडेत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा हे विष पहिल्यांदा उजेडात आलं, आणि ते भुईमुगाच्या पेंडेतच सापडलं. ढेपेचा तुकडा मोडून आतली बाजू बघा. हिरवट-काळपट रेघ दिसली, कुबट वास आला तर ती पेंड उकडून, वाळवून सुधारत नाही. परत करा किंवा खतात टाका. पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपुरतीच घेतो.

*सरकी पेंड.* टरफलासकटची असेल तर २० ते २४ टक्के, टरफल काढलेली ३६ ते ४०. विकत घेताना कुठली ते विचारा, दोन्हींना सरकीच म्हणतात. हिच्यातली जवळपास अर्धी प्रथिनं निसटून पुढे जातात, थोडं तेलही असतं, म्हणून दूध देणाऱ्या मेंढीला ही भावते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या मेंढीचं कोठीपोट ते बऱ्यापैकी निकामी करतं, पण ज्याचं कोठीपोट अजून तयार झालेलं नाही अशा कोकराला ते बाधतं. तीन महिन्यांच्या आतल्या कोकराला सरकी नको.

*सोयाबीन पेंड,* बाजारात जिला डीओसी म्हणतात. ४५ टक्के आणि वर, भाजून-वाफवून तयार झालेली असल्याने निसटती प्रथिनंही बरी. कोकरांच्या खुराकात मी हिला पहिला मान देतो. कच्चं सोयाबीन दळून घालणं वेगळं. त्याचा धोका युरियाच्या पायरीत येईल.

सूर्यफूल पेंड ३० टक्क्यांच्या आसपास, तंतू जास्त. करडईची पेंड सोलापूर, परभणीकडे स्वस्त मिळते. सोललेल्या दाण्याची असेल तर चांगली, नाहीतर टरफलच जास्त. खोबऱ्याची २० ते २२, कोकणातल्या लोकांना सोयीची. तूर, मूग, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) १५ ते २० टक्के, गव्हाचा कोंडा १४. मका ९. मका प्रथिनांसाठी नसतो, तो सूक्ष्मजीवांच्या चुलीतलं जळण. चूल पेटली नाही तर वर ठेवलेली पेंड कच्चीच राहते. जास्तीचं नत्र अमोनिया होऊन रक्तात जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरले तर समजा, पेंडेचे पैसे जमिनीत मुरताहेत.

जुने लोक मेंढ्याला भिजवलेला हुलगा चारायचे. २२ टक्के प्रथिनांचं ते धान्य. आज परवडलं तर जरूर चारा, भरडून किंवा भिजवून.

पेंड घेताना एक साधी तपासणी. मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, ढवळा, तासाभराने पाहा. तळाला वाळू बसते, वर टरफल तरंगतं, मधे पेंड. बोटभर वाळू दिसली की टक्केवारी वाचण्यात अर्थ राहत नाही. मी एकदा २२ टक्के प्रथिनं छापलेला तयार खुराक स्वस्तात मिळाला म्हणून दहा पोती घेतला. कोकरं वाढेनात, शेळ्या तोंड लावेनात. म्हणून घरीच दुधातला युरिया ओळखण्याची पद्धत वापरून पाहिली. खुराक पाण्यात कालवून गाळला, त्या पाण्यात चमचाभर तुरीचं पीठ हलवलं, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद बुडवला. कागद निळा झाला. तुरीच्या किंवा सोयाबीनच्या पिठातलं युरिएज हे पाचक द्रव्य युरियाचा अमोनिया करतं आणि तो कागदावर उमटतो. पोत्यावर युरियाचा उल्लेख नव्हता. पक्का निकाल हवा असेल तर नमुना घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागात चौकशी करा. साताऱ्याकडच्यांना शिरवळ जवळ आहे.

पायरी ५: पोत्याचा नव्हे, प्रथिनांचा भाव काढा

सूत्र एका ओळीचं: किलोचा भाव भागिले एका किलोतली प्रथिनं. खालचे भाव फक्त हिशेब दाखवण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारातले घालून पुन्हा करा.

समजा शेंगपेंड ४५ रुपये किलो, प्रथिनं ४० टक्के. एक किलो प्रथिनं पडली ११२ रुपयांना. सोयाबीन पेंड ५० रुपये, ४५ टक्के: १११ रुपये. टरफलाची सरकी ३६ रुपये, २२ टक्के: १६४ रुपये. तूरचुनी २४ रुपये, १६ टक्के: १५० रुपये. गव्हाचा कोंडा २६ रुपये, १४ टक्के: १८६ रुपये. विकतचा हिरवा घास ४ रुपये किलो, किलोला ४० ग्रॅम: १०० रुपये.

पोत्यावर स्वस्त दिसणारा कोंडा या यादीत सर्वांत महाग निघाला. याचा अर्थ कोंडा टाकून द्या असा नाही. कोंड्याबरोबर ताकद येते, सरकीबरोबर तेल आणि निसटती प्रथिनं येतात, त्यांनाही मोल आहे. पण "प्रथिनं कमी पडताहेत म्हणून कोंडा वाढवला" असं कोणी म्हटलं तर तो सर्वांत महागडा रस्ता धरतोय. आणि बांधावरच्या शेवरीचा भाव काय? कापायची मजुरी.

माझा क्रम असा असतो. भाकड मेंढीला पाला आणि भुसकट. गाभण मेंढीला त्यावर घास आणि थोडी शेंगपेंड. व्यायलेलीला सरकी किंवा सोयाबीन. कोकरांना सोयाबीन आणि शेंगपेंड.

३० किलोच्या, शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण मेंढीची एक दिवसाची गव्हाण: कडबा कुट्टी ६०० ग्रॅम (२२ ग्रॅम प्रथिनं), घास दीड किलो (६०), मक्याचा भरडा १५० ग्रॅम (१३), शेंगपेंड ५० ग्रॅम (२०). बेरीज ११५. तीच मेंढी व्यायली की: घास दोन किलो (८०), तुरीचं भुसकट ४०० ग्रॅम (२९), कडबा २०० ग्रॅम (७), मका १५० ग्रॅम (१३), सरकी पेंड १०० ग्रॅम (२२). बेरीज १५१. घास नसेल तर त्याच्या जागी दर किलोला शंभर ग्रॅम पेंड आणि दोन मुठी भुसकट वाढवा.

कोकरांसाठी शंभर किलो खुराक: मका ४०, शेंगपेंड २०, सोयाबीन पेंड १०, गव्हाचा कोंडा १७, तूरचुनी १०, मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिनं सुमारे २० टक्के. तिसऱ्या आठवड्यापासून, आईला शिरता येणार नाही अशा छोट्या फटीच्या कप्प्यात ठेवा. कोकरं आधी नुसती हुंगतात, मग चाटतात. महिनाभरात पन्नास-साठ ग्रॅम खायला लागतात. दूध तुटल्यावर हळूहळू मका वाढवून प्रथिनं १६-१८ वर आणा.

खनिज मिश्रण "मेंढ्यांसाठीचं" असं मुद्दाम लिहिलंय. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि मेंढीचं यकृत तांबं साठवत जातं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी लाल आणि मेंढी आडवी. कोंबडीखताचा खुराक करायला सांगणारे भेटतात. नत्र त्यात आहे खरं, पण तांबं आणि रोगजंतूही आहेत. मी गोठ्यात येऊ देत नाही.

पायरी ६: युरिया, हात आखडून

दोन वर्षं मी युरिया खुराकात मिसळून वापरला. मापात, मोजून. एका वळवाच्या रात्री पत्र्यातून पाणी गळलं आणि गव्हाणीच्या एका टोकाला उरलेल्या खुराकात साठलं. युरिया पाण्यात पटकन विरघळतो. सकाळी तिथे उभ्या राहणाऱ्या दोन मेंढ्या आधी ते पाणी प्यायल्या. अर्ध्या तासात एकीचे ओठ थरथरायला लागले, दात करकर वाजत होते, तोंडाला फेस, पोट फुगलेलं. डॉक्टर पोचेपर्यंत दोन्ही गेल्या. तेव्हापासून नवख्या माणसाला मी खुराकात युरिया मिसळायला सांगत नाही.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी या मर्यादा मोडू नयेत. रोजच्या एकूण कोरड्या आहाराच्या १ टक्क्याच्या वर नाही, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला जास्तीत जास्त १० ग्रॅम, आणि तिथपर्यंत पोचायला तीन आठवडे घ्या. २-३ ग्रॅमपासून सुरुवात. सोबत मका किंवा काकवीसारखं लगेच पचणारं काही हवंच. सहा महिन्यांच्या आतल्या कोकराला नाही, उपाशी मेंढीला नाही, आजारीला नाही, पाण्यातून कधीच नाही. कच्च्या सोयाबीनच्या भरड्याबरोबर तर अजिबात नाही, कारण लिटमस कागद निळा करणारं युरिएज तिथेही आहे आणि ते सगळा अमोनिया एकदम मोकळा करतं. युरियातल्या दर १० भाग नत्रामागे १ भाग गंधक हवं, नाहीतर लोकर बारीक आणि ठिसूळ होते, कारण लोकरीच्या प्रथिनांत गंधक असतं. विषबाधेची शंका आली तर डॉक्टरांना फोन करत करतच अर्धा ते एक लिटर व्हिनेगर तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून सावकाश पाजा. मान उंच ताणू नका, पाणी फुप्फुसात जातं.

यापेक्षा सुरक्षित वाट म्हणजे वैरणीवर युरियाची प्रक्रिया. १०० किलो गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. ताडपत्री अंथरा. वीस किलोचा थर पसरा, झारीने द्रावण सारखं शिंपडा, पायाने तुडवून हवा काढा, वर दुसरा थर. पाच थर झाले की ताडपत्री घट्ट गुंडाळून कडांवर माती टाका. २१ दिवस हात लावू नका. उघडताना तोंड लांब ठेवा, अमोनियाचा झोत डोळ्यांत पाणी आणतो. काड सोनेरी-तपकिरी, हाताला मऊ झालेलं दिसेल. त्या दिवसाला लागेल तेवढंच काढा आणि निदान रात्रभर पसरून वास उडू द्या. ३ टक्क्यांचं काड ७-८ वर जातं आणि मऊ झाल्याने मेंढी जास्त खाते. भाकड मेंढीचं उन्हाळ्याचं गणित यावर सुटतं. ही प्रक्रिया फक्त वाळक्या, निकस वैरणीवर करा. हिरव्या, ओलसर किंवा गोडसर चाऱ्यावर केली तर त्यात घातक द्रव्य तयार होतं आणि जनावर बिथरतं.

पायरी ७: बदल सावकाश, आणि रोज हात फिरवा

कुठलीही नवी पेंड दहा दिवसांत पूर्ण मापावर आणा. पहिल्या दिवशी चिमूटभर, दर दोन दिवसांनी थोडी. सूक्ष्मजीवांची वस्ती बदलायला वेळ लागतो. खुराक एकदम वाढवला की कळपातलं सगळ्यात तगडं कोकरू रात्रीत मेलेलं सापडतं. तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने येणारा आजार. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या, आणि खुराक वाढवण्याच्या आधीच घ्या.

खुराक लागू पडतोय का, हे लेंड्या सांगतात. कोरड्या, टणक, फिक्या लेंड्या म्हणजे नत्र कमी, वैरण नीट कुजत नाहीये. मऊ, एकमेकींना चिकटलेल्या आणि गोठ्यात उग्र वास म्हणजे नत्र जास्त किंवा मका कमी. मग आठवड्यातून एकदा मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीमागे अंगठा दाबा. कण्याची टोकं सुरीसारखी लागली तर ती उपाशी आहे, लोकर कितीही दाट दिसो. टोकं दाबल्यावर गोलसर लागली तर बरोबर. हाताला लागलीच नाहीत तर पेंड बंद करा, विशेषतः गाभण नसेल तर. गाभण मेंढी रोडावलेली असेल तर एकदम वाढवू नका, दहा दिवसांचा नियम तिलाही आहे.

मेंढे सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मेंढ्यांचा खुराक थोडा वाढवला, रोज पन्नास-साठ ग्रॅम पेंड आणि मूठभर मका, तर माजावर येणाऱ्या आणि गाभण राहणाऱ्या मेंढ्यांची संख्या वाढते. आधीच अंगात भरलेल्या कळपावर याचा फरक दिसत नाही, रोडक्या मेंढ्यांवर दिसतो.

कोकरांचं वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, सकाळी खुराकाआधी घ्या. पिशवीचा काटा आणि पोत्याची झोळी चालते. वहीत तीन रकाने करा: तारीख, वजन, त्या पंधरवड्यात संपलेला खुराक. पुढच्या हंगामात पेंडेचा भाव काढायला बसाल तेव्हा तुमच्या गोठ्यात कुठल्या पेंडेवर किलोभर वजन किती रुपयांत वाढलं, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.